पहिल्या पानावरचा आकडा

आमच्या गणिताच्या सरांवर अन्याय झाला तो १९७३ च्या जून महिन्यात, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळची प्रार्थना संपल्या संपल्या, सगळ्या शाळेसमोर. त्याच्या चार दिवस आधी, गुरुवारी दुपारी, एकोणतीस मुलामुलींवर झाला. सरांवरचा अन्याय नव्या हेडमास्तरांनी आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी केला. मुलांवरचा त्यांनी सांगितला आणि मी केला. मी त्या शाळेत कनिष्ठ कारकून होतो, माझं अक्षर चांगलं होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी "तू तेव्हा कुठं होतास" असं विचारायला नको. मी तिथंच होतो. टाक माझ्या हातात होता.

आता मी कारकून नाही. पत्रकं लिहितो, सायक्लोस्टाइल करतो आणि पारनेरच्या बाजारात वाटतो. पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. म्हणून हे जरा लांब लिहिलंय.

गावात सरांना 'दोनदा मास्तर' म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि सर ओ देत. फळ्यावर गणित सोडवलं की ते पुसून पुन्हा सोडवायचे आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच मुलांना वहीत घ्या म्हणायचे. चष्मे दोन होते. एक नाकावर, एक खिशात, आणि दर रविवारी त्यांची अदलाबदल. मी एकदा विचारलं, "सर, पहिला फुटल्यावर दुसरा काढायचा ना? आत्ताच कशाला?"

"आणि फुटल्यावर कळलं की दुसऱ्याची काडी सहा महिन्यांपूर्वीच मोडलीय, मग? पेटीतली वस्तू शाबूत आहे असं आपण समजून चालतो. तसं समजायचं नसतं. वापरून बघायचं."

त्यांच्या खोलीच्या जादा किल्ल्या दोन. त्यातली एक वेशीजवळच्या वाण्याकडे, दुसरी गावाच्या दुसऱ्या टोकाला मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे. एकाच घरात दोन किल्ल्या ठेवणं म्हणजे एकच किल्ली ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची थोरली बहीण मिरजगावला. तिला ते दर पंधरवड्याला पत्र लिहीत, आणि तेच पत्र पुन्हा लिहीत. एक गावच्या पेटीत, दुसरं एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात, नगरला टाकायला. बहुतेक वेळा दोन्ही पोचत. ही बहीण एकदा भेटायला आली तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बसून नर्सबाईंना सांगत होती, "दोन-दोन पत्रं येत्यात बघा बाई, पन भाऊ एकदाबी येत न्हाई."

सर शेजारीच होते. त्यांनी खिशातला चष्मा काढून पुसला आणि परत ठेवला.

त्यांची एक खोड मात्र लोकांना खरंच वैताग आणायची. ते कशालाही पटकन 'झालं' म्हणत नसत. "सर, पत्र टाकलं का?" "अर्धं." "सर, पेपर तपासले?" "अर्धे." म्हणजे एकदा तपासून झालेत, दुसऱ्यांदा व्हायचेत. पोरं मधल्या सुट्टीत नकला करायची. एकानं दुसऱ्याला विचारायचं, "जेवलास का रं?" दुसऱ्यानं सरांसारखी मान तिरकी करून म्हणायचं, "अर्धा." या 'अर्ध्या'नंच पुढं घात केला. ते येईलच.

आमच्याकडे यायच्या आधी सर मुंबईला एका मोठ्या संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला होते. हे ऐकून गावातल्या लोकांना वाटायचं की हे तिथं गणितं घालत असणार. तसं नव्हतं. सर सांगायचे की त्या यंत्रात एक मूळ प्रोग्रॅम असतो. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना कामाला लावायचं, कुणाला कधी जागा द्यायची, कुणाचं काय कुठं लिहून ठेवायचं, हा सगळा कारभार तोच बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचाही एक गाभा असतो, आणि त्या गाभ्यातला लहानसा तुकडा सरांनी लिहिला होता. यंत्राची माहिती डिस्कवर राहते. डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या तबकड्यांची चळत, पिठाच्या गिरणीतल्या जात्याएवढी. ती कधी ना कधी बिघडते, आणि बिघडली की तिच्यावरचं सगळं गेलं. सरांचा तुकडा काय करायचा, तर प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहायचा. वापरणाऱ्याला पत्ताही लागू न देता. त्याला वाटावं एकच आहे, आणि असाव्यात दोन.

"एवढंच?" मी म्हणालो होतो. दोन ठिकाणी लिहायचं यात काय मोठं?

त्यावर त्यांनी मला रिकाम्या वर्गात नेलं आणि फळ्यावर एक तक्ता काढला. वर लिहिलं 'जोडी'. खाली दोन ओळी, पहिली डिस्क, दुसरी डिस्क. प्रत्येकीपुढं तिची अवस्था. अवस्था चार: चालू, मागे पडलेली, भरत असलेली, बाद.

"माणसं दोनच अवस्था मानतात," ते म्हणाले, "चालू आणि बाद. सगळा घोटाळा मधल्या दोघींत होतो. एक डिस्क काही दिवस बंद राहिली. या दिवसांत दुसरी एकटीच लिहीत होती. आता पहिली दुरुस्त होऊन आली. दिसायला कशी आहे? चकचकीत. आत काय आहे? शिळं. ती बाद नाही, पण चालूही नाही. ती मागे पडलेली आहे. तिच्यात राहिलेलं भरायला लागलो की ती भरत असलेली. अशा डिस्कवर लिहायचं, पण तिच्यातून वाचायचं नाही. पुरती भरेपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही."

"आणि कोण पुढं, कोण मागं, हे यंत्राला कसं कळायचं?"

त्यांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी दोन्ही डिस्कच्या डोक्यावर एक-एक चौकट काढली आणि दोन्हीत तीन आकडा लिहिला. "जोडीतली एक बंद पडली की जी एकटी चालू आहे तिच्या चौकटीत चार करायचा. बंद पडलेलीला हे कळायचं काही कारणच नाही, तिच्यावर तीनच राहणार. पुढं कुणीही येऊ दे. नवा माणूस, आंधळा अधिकारी, कुणीही. त्यानं फक्त दोन आकडे वाचायचे. मोठा आकडा ज्याचा, ते खरं. माणसाच्या आठवणीवर काही ठेवायचं नाही, आणि माणसाच्या इमानावर तर नाहीच."

तो तुकडा मुंबईत काही महिने चालला. मग वरच्यांनी काढून टाकला, कारण सगळं दोनदा लिहायचं म्हणजे यंत्राचा वेळ जातो. सर भांडले. एका कामाला दोन डिस्क म्हणजे एका नवऱ्याला दोन बायका, असं तिथला कुणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. सरांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दोन प्रतींत.

ही हकिगत ते चिडून सांगत नसत. चिडतो तो मी.

आता रजिस्टरांकडे येतो. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. यात नाव असेल तर मूल शाळेत आहे. नसेल तर ते रोज पहिल्या बाकावर बसत असलं तरी शाळेत नाही. त्याला दाखला नाही, मॅट्रिकचा फॉर्म नाही. सर आमच्याकडे आले त्याच्या आदल्या वर्षी या रजिस्टराची दोन पानं वाळवीनं खाल्ली होती. त्या पानांवरचा एक मुलगा नगरला लष्कराच्या भरतीत छाती-उंचीत बसला आणि दाखल्यापायी परत आला. जुन्या हेडमास्तरांच्या ते मनाला लागलेलं होतं. म्हणून सरांनी "रजिस्टर दोन ठेवू" म्हटल्यावर ते हसले नाहीत.

एक रजिस्टर शाळेच्या ऑफिसातल्या कपाटात. दुसरं नर्सबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हींच्या पहिल्या पानावर चौकट आणि चौकटीत आकडा. आणि तिसरी एक छोटी चिठ्ठीवही, कायम सरांच्या खिशात. नवं नाव आलं की आधी चिठ्ठीवहीत पान नंबर टाकायचा. मग कपाटातल्या रजिस्टरात लिहायचं. मग चालत दवाखान्यात जाऊन ट्रंकेतल्या रजिस्टरात लिहायचं. मग चिठ्ठीवहीतल्या नंबरावर रेघ मारायची. रेघ पडली म्हणजे 'झालं'. तोवर 'अर्धं'. ही पायपीट माझ्या वाट्याला होती आणि मी मनातल्या मनात बरंच काही बोलायचो.

एकदा मला त्यांना कोंडीत पकडल्याचा आनंद झाला. "सर, सगळं दोन-दोन, मग चिठ्ठीवही एकच कशी? ती हरवली तर?"

"तर दोन्ही रजिस्टरं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ताडून बघावी लागतील. तुमचे आठ दिवस जातील, पण नाव एकही जाणार नाही. वेळ वाचवणारी वस्तू एक असली तरी चालते." वर पुन्हा, "तुमचा वेळ म्हणतोय मी. माझा नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन वर्गावर गेले.

त्या वर्षी दुष्काळ पडला. ७३ च्या जानेवारीत सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या तयार खाण्याची, पोती ठेवायला सरकारनं आमच्या शाळेचं ऑफिस घेतलं. टेम्पो आला रविवारी, शाळेत कुणी नाही. हमालांनी कपाटाला लागून छतापर्यंत थप्पी लावली आणि दाराला सील ठोकून गेले. कपाटातलं रजिस्टर पोत्यांमागं अडकलं. सोमवारी जुने हेडमास्तर डोक्याला हात लावून बसले, तर सरांच्या तोंडावर असं समाधान की मला त्यांचा राग आला.

"म्हणून तर दोन," ते म्हणाले.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी ट्रंक उघडली. ट्रंकेतल्या रजिस्टराच्या चौकटीत तेव्हा सात होता, म्हणजे याआधीही कधी रस्ता बंद पडून, कधी बाई रजेवर असून एखादी वही एकटी पडली होती आणि पुन्हा जोडीला आली होती. सरांनी सातवर रेघ मारून शेजारी आठ लिहिला. खाली जुन्या हेडमास्तरांनी सही केली. मी डोळ्यांनी पाहिलंय. कपाटातल्या रजिस्टरावर अर्थात सातच राहिला. त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचतच नव्हता.

गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आजूबाजूच्या गावांतली माणसं पोराबाळांसकट तिथं खडी फोडायला आलेली. सर शाळा सुटली की सायकलवर तिकडं. कॅरिअरला मेणकापडात गुंडाळलेलं रजिस्टर. खडीच्या ढिगावर बसून ते पोरांना गणितं घालायचे आणि आईबापांशी वाद घालायचे.

हिराचं नाव लिहिलं तेव्हा मी बरोबर होतो. पोरगी दहावीत शाळा सोडून आलेली. बाप म्हणाला, "मास्तर, पोरगी शिकून काय करनार? हितं चार पाट्या जादा टाकंल."

"तिला पाट्या मोजता येतात का?"

"येत्यात की. मुकादमाची चूक हिनंच धरली परवा."

"मग अर्धं शिक्षण झालंय. उरलेलं अर्धं द्या माझ्याकडं."

बाप हसला. हिरा मात्र हसली नाही. ती सरांच्या मांडीवरच्या रजिस्टराकडे बघत होती. सरांनी नाव लिहिलं, जुन्या शाळेचा दाखला मागच्या पुठ्ठ्याला टाचला. बापानं वाकून पाहिलं. "लिवलं का?"

"अर्धं लिहिलं."

"आँ? अर्धंच?"

"उरलेलं अर्धं पोत्यांमागं आहे. पण काळजी करू नका, पक्कं आहे."

अशी एकोणतीस नावं झाली. रजिस्टरावर धूळ बसली, चहा सांडला, एका शेळीनं पुठ्ठ्याचा कोपरा खाल्ला. पोरं सकाळी शाळेत येऊ लागली. एप्रिलच्या परीक्षेत हिरा गणितात वर्गात दुसरी आली.

मे संपताना पोती हलली, सील निघालं. कपाटातलं रजिस्टर बाहेर आलं ते कोरं करकरीत. एक डाग नाही. सरांनी त्याला लगेच लाल दोरी बांधली. म्हणजे 'भरत असलेली'. लिहायचं, वाचायचं नाही. चिठ्ठीवही उघडून त्यांनी पान शोधून भरायला सुरुवात केली. दुष्काळातली सहा नावं भरून झाली आणि मिरजगावहून तार आली की बहीण आजारी आहे. निघताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत लाल दोरीला हात लावू देऊ नका. कुणालाच." मी हो म्हणालो.

तोवर जुने हेडमास्तर निवृत्त होऊन मुलाकडे लांब निघून गेले होते. नवे आले त्यांना शाळेत येऊन आठवडा झाला होता. गुरुवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी रजिस्टर मागितलं. नव्या हेडमास्तरांनी दोरी सोडली, बाजूला टाकली आणि रजिस्टर पुढं केलं. मी तीन हातांवर उभा होतो.

पटावर रजिस्टरापेक्षा तेवीस मुलं जास्त निघाली, एकोणतिसांतली सहा तेवढी भरून झाली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की दुसरं रजिस्टर आहे. तेवढं मात्र सांगितलं. शिपाई जाऊन ते घेऊन आला, मागोमाग नर्सबाई आल्या.

टेबलावर एकीकडे स्वच्छ वही, सरकारी कपाटातली. दुसरीकडे चहाचे डाग, शेळीनं खाल्लेला कोपरा, दवाखान्याच्या ट्रंकेतली.

"एका शाळेला दोन जनरल रजिस्टरं?" साहेब म्हणाले. "आणि हे कुठं होतं म्हणता, ख्रिस्ती दवाखान्यात?"

नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या ट्रंकेत तुमच्या सरकारच्या लसीचे दाखले राहतात. पोरांची नावं राहिली तर काय बाटली?"

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते स्वच्छ वहीची पानं उलटत होते. सहा नावांवर येऊन थांबले. शाई ताजी होती. बाकीची पानं फिकी, ही काळीभोर.

"हे बघा," ते हेडमास्तरांना म्हणाले, "बोगस नावं आता मूळ रजिस्टरातसुद्धा घुसवायला लागले होते. आपण वेळेवर आलो."

ती सहा नावं म्हणजे घुसवणं नव्हतं, भरणं होतं. अर्धवट राहिलेलं भरणं. हे खोलीत फक्त मला माहीत होतं. मी "साहेब" एवढं म्हणालो. त्यांनी वर पाहिलं आणि मी "पाणी आणू का?" असं विचारलं.

हुकूम झाला तो असा. सहा नावं खोडायची. स्वच्छ वहीवरून नव्या कोऱ्या वहीत नक्कल करायची, तालुक्याला पाठवायला. डागाळलेल्या वहीवर 'रद्द' शिक्का मारून पोत्यात टाकायची. मागच्या पुठ्ठ्याला टाचलेल्या दाखल्यांचं काय, हे मी धीर करून विचारलं. "रद्द वहीतले दाखलेही रद्द."

मी नक्कल करायला बसलो. शनिवारी दुपारपर्यंत पुरी केली. अक्षर सुरेख आलं. साहेबांनी शेरा लिहिला, 'लेखन समाधानकारक.' सरांच्याच पद्धतीनं, दोन प्रतींत, दोन गावांत, आम्ही चूक सुरक्षित ठेवली. जी वही मागे पडलेली तिच्यावरून सगळं लिहिलं, आणि जी पुढं होती ती पोत्यात गेली. चिठ्ठीवही मिरजगावला सरांच्या खिशात होती. तिची गरजही नव्हती. पहिलं पान उघडायचं होतं. एवढा वेळ दोन्ही वह्या एका टेबलावर होत्या आणि पहिलं पान कुणी उघडलं नाही. मी तरी कुठं उघडलं?

सोमवारी सर परत आले, ते थेट प्रार्थनेच्या मैदानावर. हेडमास्तरांनी पोरांसमोर सांगितलं की पट फुगवायला खोटी मुलं दाखवल्याबद्दल यांना कामावरून कमी केलंय. खोटी मुलं रांगेत उभी होती. हिरा चौथी.

हिराचा बाप फाटकाशी आला होता. हेडमास्तरांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "नाव लिहिताना मास्तर काय म्हणाले होते?"

तो माणूस खोटं बोलणारा नाही. म्हणाला, "म्हनले हुते, अर्धं लिवलंय."

"ऐकलंत? स्वतः कबूल केलंय."

"तसं न्हाई सायेब, पक्कं हाय बी म्हनले..." पण ते कोण ऐकतो. पोरांतली काही हसली. वर्षभर त्यांनी त्याच शब्दाची नक्कल केली होती.

सर ओरडले नाहीत. एकच विचारलं, "पहिल्या पानावरचे आकडे वाचलेत का?"

"कसले आकडे?"

"सात आणि आठ."

हेडमास्तरांनी आमच्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. सरांनी नाकावरचा चष्मा काढला, खिशातला लावला, आणि एकेका मुलाकडे बघत रांगेच्या कडेनं चालत फाटकाबाहेर गेले. माझ्याकडेही पाहिलं. पुढं बघितलं आणि गेले.

मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. त्यात काही शौर्य नाही, उशीरच झाला होता.

सरांनी शिक्षण खात्याला पत्रं लिहिली. अर्थात दोन-दोन. उत्तर आलं, ते मी वाचलंय: आपले एकाच मजकुराचे पत्र दोन वेळा प्राप्त झाले, यापुढे अशा रीतीने कार्यालयाचा वेळ घेऊ नये. मजकुराबद्दल अवाक्षर नाही.

गेल्या महिन्यात मी मिरजगावला गेलो. बहीण आता बरी आहे. तिनंच दार उघडलं. "या. भाऊ हाय आत. आता पत्रं येत न्हाईत, भाऊच हाय. मी कशाची तक्रार करू?" सर ओसरीवर हायवेच्या ट्रकवाल्यांच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होते. मी जे कबूल करायला गेलो होतो ते कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोरी कुणी सोडली ते महत्त्वाचं नाही. आकडा पुसलाय का?"

"नाही सर. वही पोत्यातच आहे."

"मग काही गेलेलं नाही. नुसतं मागे पडलंय."

मी म्हणालो, तुम्ही चला, गावासमोर बोला. त्यांनी मान हलवली. "मी आलो की मी कसा आहे यावर भांडण होईल. वेडा आहे, दोनदा जेवतो वगैरे. आकड्यावर भांडण होत नाही. तुम्ही जा, आणि आकडा वाचून घ्या."

निघताना विचारलं, "सर, मला माफ केलंत का?"

त्यांनी मान तिरकी केली. "अर्धं."

तर आता उरलेल्या अर्ध्याबद्दल. एकोणतीस मुलांपैकी चार यंदा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात आहेत. हिरा त्यांतली एक. तलावाचं काम संपलं तरी तिचा बाप पोरीसाठी गावातच राहिलाय, मिळेल ते काम करतो. मॅट्रिकचे फॉर्म भरायला सुरुवात झालीय आणि या चौघांना फॉर्म नाही, कारण रजिस्टरात नाव नाही. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळा समितीची सभा आहे. तिच्यापुढं 'रद्द व निरुपयोगी कागदपत्रे नष्ट करणे' असा विषय आहे. ते पोतं त्यात आहे. ते जळलं की आठ जळाला, आणि मग जगात फक्त सात उरतो, माझ्या सुरेख अक्षरातल्या नकलेसकट.

तुम्ही या शाळेत शिकला असाल, तुमचं मूल तिथं असेल, किंवा तुम्ही नुसते या गावचे असाल, तर शनिवारी अकराच्या आत शाळेत या. घोषणा नकोत, दगड नकोत. सभेत उभे राहा आणि पोतं सोडायला लावा. दोन्ही वह्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावा. कुठली स्वच्छ, कुठली मळकी, हे बघू नका. पहिलं पान उघडा, चौकटीतला आकडा वाचा, आणि तो हिराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचा.